मोठा शेक

कल्पना करा, तुमच्या उजव्या हातात जाड पेनासारखी एक नळी आहे. तिच्या टोकाला काचेचा बारीक दांडा आहे आणि त्यावर पातळ प्लास्टिक चढवलेलं आहे. समोरच्या खुर्चीत एक म्हातारी तोंड उघडून पडली आहे. तिच्या डोळ्यांवर हिरव्या काचेचा चष्मा आहे, तुमच्याही डोळ्यांवर तसाच. तिच्या खालच्या जबड्यात, अगदी मागे, जिथे दाढ होती तिथे आता खड्डा आहे. नळी खड्ड्यात घालायची नाही, हिरडीला टेकवायचीही नाही. कडेकडेने, थोडं अंतर राखून एका जागी धरायची. मशीन वाजलं की पुढच्या जागी सरकायचं. एक लाल ठिपका दिसत राहतो, पण तो फक्त नेम धरण्यासाठी असतो. काम करणारा प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही. तो हिरडीत शिरतो, सूज उतरवतो, दुखणं कमी करतो आणि जखम भरायला हातभार लावतो. चटका बसत नाही, ऊबही जेमतेम लागते. तुमचा हात मात्र हलता कामा नये.

तुमचा हात हलला नाही. मशीन वेळेवर वाजलं. शिकवलं होतं तसं सगळं झालं, आणि तरी खड्डा भरत नाही. पुढच्या वेळी नाही, त्याच्या पुढच्या वेळीही नाही. तुम्ही काय कराल?

संघमित्रा आणखी काळजीपूर्वक तेच करत राहिली.

मी दातांच्या दवाखान्यांतली मशीनं बसवतो आणि दुरुस्त करतो. जळगाव, जामनेर, चाळीसगाव, धुळे, साक्री असा माझा फेरा असतो. धुळ्याच्या नूतन मॅडमच्या दवाखान्यात हे लेझरचं मशीन बसवायला गेलो तेव्हा संघमित्राची ओळख झाली. ती तिथे मदतनीस आहे. मूळची जामनेरकडची. वडील गुलाब बाजार समितीत हमाली करायचे, आई पार्वताबाई कापूस वेचायला जायची. बारावीनंतर तिला नर्सिंग करायचं होतं, ते जमलं नाही. मग जळगावच्या एका दातांच्या दवाखान्यात हाताशी राहून काम शिकली आणि लग्न होऊन धुळ्याला आली.

मशीन कसं चालवायचं ते मी तिला दाखवत होतो. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "पेशंटला हे काय म्हणून सांगायचं?"

मी म्हणालो, "फोटोबायोमॉड्युलेशन."

"एवढं सांगेपर्यंत पेशंट साक्रीला परत पोचलेला असेल."

"मग लेझर थेरपी म्हणा."

"लेझर म्हटलं की म्हाताऱ्यांना वाटतं, जाळणार." तिने नळी हातात घेऊन फिरवून बघितली. "प्रकाशाचा शेक म्हणते. चालेल?"

चालेल की. मला तर ते फार आवडलं होतं. नंतर दोनतीन दवाखान्यांत मीही तोच शब्द सांगितला.

ही तिची खासियत होती. दाताच्या कॅपला ती टोपी म्हणायची. रूट कॅनलला म्हणायची, नस झोपवायची आहे. जामनेरकडची बोली वेगळी आणि धुळ्याची अहिराणी वेगळी, पण लग्नानंतर तिने अहिराणी उचलली होती. मॅडम चाळीसगावच्या असल्या तरी त्यांचं घर आणि शिक्षण सगळं शहरी. अहिराणी कळायची, पण तोंडात बसायची नाही. खेड्यातला पेशंट आला की त्या आतूनच हाक मारायच्या, "संघमित्रा, तू बोल यांच्याशी." तिला ते आवडायचं. ती घरी नवऱ्याला, राजदीपला सांगायची, "डॉक्टर मॅडम आहेत, पण पेशंटला कळतं ते माझंच."

धुरपदाबाई साक्रीच्या पलीकडच्या एका गावातून आल्या, सोबत नवरा निंबा नाना. दाढ किडून हलायला लागली होती, रात्रंदिवस ठणकत होती. मॅडम आत दुसरा पेशंट बघत होत्या, म्हणून बाहेर बाकावरच संघमित्राने नेहमीचे प्रश्न सुरू केले. निंबा नाना दाराशी टोपी हातात घेऊन उभे होते.

"आक्का, बीपीनी गोळी चालू शे का?"

"नही."

"शुगर?"

"ती चहामा टाकस."

संघमित्रा हसली. "कॅन्सर? रेडिएशन?"

"काय म्हने?"

"कॅन्सर, आक्का. तो वाईट आजार."

"नही व माय. वैरीले बी नको."

"दुसरा काही आजार? कोठे दवाखानामा भरती व्हत्या का?"

"गळामा गाठ व्हती एक. मोठा शेक लिन्हा. गई ती."

"मोठा शेक का? मनी माय तवावर मीठ गरम करीसन फडकामा बांधे. आम्हले तोच मोठा शेक."

धुरपदाबाईंनी तिचा गाल हलकेच ओढला. "तू तिकडली शे, पोरी. आमनी बोली बोलस, पण जामनेर कोठे लपाडशी?"

दाराशी उभे असलेले नाना हे सगळं ऐकत होते. त्यांनी संघमित्राकडे बघून मान हलवली. तिला वाटलं, नाना हसताहेत. तेवढ्यात नंबर आला.

दाढ सहज निघाली. तोंड पुरतं उघडत नव्हतं आणि आत कोरडं होतं, बाईंच्या हातातली पाण्याची बाटली सुटत नव्हती. मॅडमनी विचारलं, "मिश्री लावता?" लावत होत्या, लग्नाच्या आधीपासून. खेड्यातल्या बायकांची अशी तोंडं मॅडम रोज बघतात. गळ्याची कातडी काळवंडलेली होती, पण ती पदराखाली होती आणि शेतात राबणाऱ्या बाईची कातडी काळी का, असं कोणी विचारत नाही.

पुढच्या वेळी आल्या तेव्हा खड्ड्यात रक्ताची गुठळी नव्हती. दाढ काढली की तिथे गुठळी बसते आणि तिच्यावरच पुढे हिरडी धरते. ती निघून गेली तर जखम उघडी पडते. असं कधीकधी होतं. मॅडमनी जागा धुतली, औषधाची पट्टी ठेवली. त्याच्या पुढच्या वेळी तेच, आणि वास यायला लागलेला. मग मॅडम म्हणाल्या, लेझर देऊन बघू.

संघमित्राने त्यांना हिरवा चष्मा घातला. "आक्का, घाबरू नका. प्रकाशना शेक शे हाऊ."

"शेक का?" धुरपदाबाईंचा चेहरा एकदम सैल झाला. "मंग मी कशाले घाबरू? शेकनी तर मनी गाठ गई."

त्या खुर्चीत निवांत झोपल्या.

तेव्हापासून दर फेरीला दोघी एकमेकींची वाट बघायच्या. धुरपदाबाई पदरात बांधून बिबड्या आणायच्या, ज्वारीच्या, उन्हात वाळवलेल्या. स्वतः खाऊ शकत नव्हत्या. "तू खाय. मी आवाज आयकस," म्हणायच्या. संघमित्रा त्यांच्यासमोर बिबडी मोडून खायची आणि त्या डोळे मिटून कुरकुर ऐकायच्या. दाढ काढल्यापासून पेज आणि भात यांच्यावर दिवस चालले होते. त्यांना कळण्याची भाकर हवी होती, ज्वारी आणि उडदाच्या पिठाची, वर कच्चं तेल आणि तिखट. "हाऊ खड्डा भरी गया का मी पहिली कळणानी भाकर खासू. तुले बी लई इसू."

"ठेचा बी आणज्या."

"ठेचा तुले सहन व्हई का? जामनेरनं तोंड शे ते."

संघमित्रा नळी धरायची, मशीन वाजायचं, लाल ठिपका खड्ड्याच्या कडेकडेने फिरायचा. संपलं की ती आरशाने आत बघायची. हिरडी गुलाबी व्हायला हवी होती. तिथे करडं पिवळं काहीतरी दिसायचं. ती मॅडमना सांगायची. मॅडम बघायच्या, अँटिबायोटिक बदलायच्या आणि म्हणायच्या, "वय आहे. मिश्री आहे. वेळ लागेल." संघमित्राला वाटायचं, आपलाच हात कुठेतरी चुकतोय. तिने मला फोन करून विचारलं, मशीनचा प्रकाश कमी तर पडत नाही ना? मी साक्रीला जाताना वाटेत थांबून तपासून दिलं. प्रकाश बरोबर होता.

त्या दिवशी ऊन फार होतं आणि ST उशिरा पोचली होती. धुरपदाबाई दमून खुर्चीत बसल्या, चष्मा त्यांनी स्वतःच लावला. दुखणं आता कानापर्यंत गेलं होतं, पण त्या बोलायच्या थांबत नव्हत्या. नळी जवळ नेण्याआधी म्हणाल्या, "तुना शेक हलका शे, पोरी. तठला शेक असा नव्हता."

"कोठला?"

"नाशिकला. गाठना. टेबलवर झोपाडेत. तोंडवर जाळी बसाडेत, गरम पाणीमा भिजाडीसन, मना तोंडना मापनी. ती जाळी टेबलले ठोकी देत, मुंडकं हालाले नको म्हनीसन. मंग बठ्ठा बाहेर पळी जात. मी एकलीच. मशीन घुं घुं करीसन फिरे."

नळी संघमित्राच्या हातात होती. तिने ती खाली ठेवली.

मिठाच्या शेकाला तोंडावर जाळी लागत नाही. शेक देणारी माणसं खोली सोडून बाहेर पळत नाहीत. हे समजायला शिक्षण लागत नाही. ती म्हणते, "ते कळायला मला एक श्वास लागला, आणि तो श्वास अजून सुटलेला नाही."

ती मॅडमना बोलवायला गेली. मॅडम आल्या, धुरपदाबाईंच्या गळ्यावरचा पदर हळूच बाजूला केला, कातडीवरून बोट फिरवलं आणि बाहेर गेल्या. निंबा नाना बाकावर होते. मॅडमनी त्यांना जिन्यापाशी नेलं. संघमित्राही गेली.

"नाना, बाईंना कॅन्सर झाला होता?"

नानांनी आधी खोलीच्या दाराकडे बघितलं. "हळू बोला, डॉक्टरीनबाई. तिले म्हाईत नही."

"काय माहीत नाही?"

"कॅन्सर व्हता हाई. आम्ही तिले गाठ शे, इतलंच सांगं. शेक लिन्हा का विरघळी जाई, असं सांगं. कॅन्सर म्हनतू तर ती तवयच मरी जाती. मोठी बहीण तिनी तशीच गई."

"अहो, पण दाढ काढायच्या आधी आम्हाला तरी सांगायचं. आम्ही विचारलं होतं."

नाना गोंधळले. ते संघमित्राकडे बघत म्हणाले, "सांगं ना. तिनी सांगं, मोठा शेक लिन्हा म्हनीसन. मी दारशी उभा व्हतू, मी आयकं. नाशिकले बठ्ठा शेकच म्हनेत. डॉक्टर बी, सिस्टर बी. कोनी कॅन्सरनं नाव काढे नही. मी समजनू, या पोरीले समजनं. तिनी मिठना शेकनी गोठ करी. मले वाटनं, पोर हुशार शे, तिनासमोर बोलत नही. म्हनीसन मी मान हालाडी."

मॅडम आत गेल्या आणि एक्स-रेची तयारी करायला लागल्या.

पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला. दाढेच्या खड्ड्याभोवतीचं हाड कुरतडल्यासारखं दिसत होतं. मॅडमनी संघमित्राला समजावलं ते असं. रेडिएशनने गाठ जाते, पण त्या वाटेत जबड्याचं हाड आलं तर त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या सुकतात. वर्षं गेली तरी त्या परत येत नाहीत. तोंडाची कोरड आणि गळ्याची काळवंडलेली कातडीही त्याचीच. अशा हाडातली दाढ शक्यतो काढतच नाहीत, आणि काढायचीच झाली तर मोठ्या दवाखान्यात, खूप तयारी करून. नाहीतर जखम भरत नाही, हाड मरायला लागतं. आणि जिथे एकदा कॅन्सर होऊन गेला आहे तिथे हा लेझरचा प्रकाश कॅन्सरच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय द्यायचा नसतो.

"म्हणजे मी दिला त्याने वाढलं?" संघमित्राने विचारलं.

"त्याने वाढलं नसेल. पण त्याने भरणारही नव्हतं." मग मॅडम म्हणाल्या, "दाढ मी काढली. तू नाही."

संघमित्राला त्या वाक्याचा उपयोग झाला नाही.

चिठ्ठी देऊन धुरपदाबाईंना मोठ्या दवाखान्यात पाठवलं. खुर्चीवरून उतरताना त्यांनी विचारलं, "आज शेक नही दिन्हा?" संघमित्रा म्हणाली, "पुढल्या वेळी." जिन्यावर निंबा नानांनी तिच्यापुढे हात जोडले. "पोरी, एक कर. तिले समजाले नको."

पुढची वेळ लवकर आली. मोठ्या दवाखान्यात सांगितलं होतं, हाडाचा तेवढा भाग काढावा लागेल. धुरपदाबाईंनी नानांशी भांडून ST पकडायला लावली आणि त्या थेट धुळ्याला आल्या. गाल सुजलेला, तोंडाला पदर. बाकावर बसून संघमित्राला बोलावलं.

"तठे कापानी गोठ करतस. शेक देतस नही. तू शेक दे. तुना हातना शेक मले लागस."

संघमित्राने नानांकडे बघितलं. नाना टोपीकडे बघत होते. शेक का देत नाही ते सांगायचं तर कॅन्सरचं नाव घ्यावं लागणार होतं. तिच्या तोंडात जे पहिलं आलं ते ती बोलून गेली. "मशीन बंद शे, आक्का."

तेवढ्यात आतलं दार उघडलं. एक माणूस बाहेर आला, गालाला कापूस धरलेला, हिरवा चष्मा चुकून हातातच राहिलेला. "हा चष्मा कुठे ठेवू, मॅडम?" त्याने संघमित्रालाच विचारलं. उघड्या दारातून मशीन दिसत होतं, त्याचा दिवा चालू होता.

धुरपदाबाईंनी त्या माणसाकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही.

"त्याले दिन्हा," त्या म्हणाल्या. "मना काय चुकनं, पोरी?"

 "ज्यांना माझ्याशिवाय पेशंटला काही सांगता येत नाही त्या मॅडम आत होत्या, आणि बाहेर मलाच एक शब्द सापडत नव्हता," असं संघमित्रा नंतर मला म्हणाली. धुरपदाबाईंनी पदराची गाठ सोडली, बिबड्यांची पुडी बाकावर ठेवली आणि नानांचा हात धरून जिना उतरल्या.

ऑपरेशन झालं. एका बाजूचा जबडा काढला. नाना अधूनमधून मॅडमना फोन करतात. चेहरा एका बाजूला बसला आहे, बोललेलं घरच्यांनाच समजतं, ताकात कालवलेल्या कण्या चमच्याने भरवाव्या लागतात. कळण्याच्या भाकरीचं नाव घरात कोणी काढत नाही. हाडाला कीड लागली होती, असं त्यांना सांगितलं आहे. त्यांचं स्वतःचं म्हणणं वेगळं आहे आणि ते त्या आल्यागेल्याला सांगतात. धुळ्याच्या पोरीने शेक अर्ध्यात सोडला नसता तर कापावं लागलं नसतं. नानांनी हे फोनवर सांगितलं आणि वर म्हणाले, "तिले तसं वाटू द्या. तिले कोनतरी पाहिजे रागावाले."

संघमित्राने कामावर येणं सोडलं नाही. पण ती आता टोपी म्हणत नाही, कॅप म्हणते. शेक हा शब्द तिने दवाखान्यातून काढून टाकला आहे. पेशंट बाकावर बसला की तिचे प्रश्न लांबत जातात. मी मशीन तपासायला गेलो होतो तेव्हा ऐकत होतो. एका आजोबांना तिने विचारलं, शेक घेतला होता का कधी? ते म्हणाले, घेतला की, कालच, विटेचा. खानदेशात शेक न घेतलेला माणूस सापडणार नाही. मग तिने विचारलं, लाईट घेतली का दवाखान्यात? एक बाई म्हणाली, आमच्याकडे लाईट सकाळपासून गेली आहे. किरणं दिली का? किरण माझ्या जावेचा मुलगा, तुम्ही कसं ओळखता? बाकावरचे लोक हसले. संघमित्रा हसली नाही. थेट कॅन्सर म्हटलं तर तीन जणी एकदम म्हणाल्या, नाही बाई, आणि एकीने तर बाजूला थुंकून दृष्ट काढली. त्यांच्यातल्या किती जणींना खरं माहीत आहे आणि किती जणींच्या फक्त घरच्यांना, हे बाकावर बसलेल्यांच्या तोंडावरून ओळखता येत नाही. जाळीचं विचारून बघा, असं मी सुचवलं. ती म्हणाली, तेही विचारते. पण एकीला जाळी आठवली आणि तिने घरी जाऊन नातसुनेला विचारलं, दवाखान्यातल्या त्या प्रश्न विचारणाऱ्या पोरीने जाळी ऐकून तोंड का पाडलं? घरच्यांनी लपवलेलं आता उघडं पडेल म्हणून दुसऱ्या दिवशी त्या बाईचा मुलगा दवाखान्यात येऊन भांडून गेला.

मी सामान आवरत होतो. ती हिरवा चष्मा पुसत होती, पुसून झालेला परत पुसत होती. बाकावर बिबड्यांची ती पुडी होती ना, तिचं काय केलं, असं मला विचारायचं होतं. 

"तुम्ही सगळीकडे फिरता," ती म्हणाली. "साक्री, चाळीसगाव, आमच्या जामनेरलाही. सगळ्या बोली ऐकता. मला एवढं सांगा, असा एखादा शब्द कुठे आहे का, जो मी विचारला की उत्तरावरून मला कळेल, आणि समोरच्या पेशंटला कळणार नाही?"